जनरेटरच्या नॉबपासून सुरुवात: सैन्याच्या सुट्या भागांसाठी थ्रीडी प्रिंटिंग वापरायची आणि शिकवायची रीत

२०१८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'वॉस्प' जहाजावर एका एफ-३५बी विमानाच्या लँडिंग गिअरच्या दरवाजावरचा प्लास्टिकचा छोटा बंपर झिजला. तो सुटा मिळत नव्हता. घ्यायचा तर दरवाजाची अख्खी असेंब्ली, किंमत सुमारे ७०,००० डॉलर. जहाजावरच्या मरीन तुकडीने तो पीईटीजी या प्लास्टिकमध्ये प्रिंट केला आणि साहित्याला ९ सेंट लागले. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. पुढचा भाग असा की त्या विमानांची तांत्रिक जबाबदारी असलेल्या नाव्हएअर या नौदलाच्या विभागाने तो पार्ट मंजूर केला आणि मगच तो विमानावर चढला.

प्रिंटर आता कुठल्याही पॉलिटेक्निकला परवडतो. पार्ट प्रिंट करणं हे या साखळीतलं सगळ्यात सोपं काम आहे. कुठला पार्ट प्रिंट करायचा, कशाचा करायचा, तो टिकेल हे कशावरून म्हणायचं आणि बसवायची परवानगी कोण देणार, या चार प्रश्नांवर खरा वेळ जातो. वर्कशॉपमध्येही आणि वर्गातही. म्हणून पुढची सगळी रीत एकच पार्ट धरून मांडली आहे: डिझेल जनरेटरच्या कंट्रोल पॅनलवरच्या रोटरी स्विचचा नॉब. व्यास २४ मिमी, उंची १८ मिमी, आत ६ मिमीच्या डी-शाफ्टसाठी (एक बाजू सपाट असलेल्या दांड्यासाठी) भोक. तो तुटला तरी कुणाच्या जिवाला धोका नाही, पण जनरेटर चालवणाऱ्याला पक्कड घेऊन स्विच फिरवावा लागतो. शिकायला याहून योग्य पार्ट मिळणं कठीण.

पार्ट निवडणं

चार गोष्टी एकत्र आल्या तरच प्रिंटिंगचा विचार करा. पार्ट वेळेवर मिळत नाही, किंवा बनवणाऱ्याने बंदच केला आहे. लागणारी संख्या कमी आहे, वर्षाला पाच-पंचवीस नग. तो सुटा न मिळता महागड्या असेंब्लीसोबतच घ्यावा लागतो. आणि तो तुटल्यावर होणारं नुकसान गैरसोयीपुरतं आहे. वॉस्पवरच्या बंपरमध्ये तिसरी गोष्ट ठळक होती. आपल्या नॉबमध्ये पहिली आणि दुसरी.

नट-बोल्ट, बेअरिंग, स्प्रिंग, ऑइल सील, गॅस्केट यांच्या वाटेला जाऊ नका. ते बाजारात स्वस्त आणि प्रमाणित मिळतात, आणि प्रिंट केलेला सील किंवा स्प्रिंग मूळ वस्तूच्या जवळपासही पोचत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, दाबाखालचे पाइप-फिटिंग, उचलण्याची साधनं आणि शस्त्राचा कुठलाही भाग या लेखाच्या कक्षेबाहेर आहे आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेच्याही. नवख्या माणसाला नेमका असाच पार्ट करून दाखवायचा मोह होतो, म्हणून हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवा.

सैन्याच्या वर्कशॉपमधून यादी मागवायची असेल तर 'तुम्हाला काय प्रिंट करून हवं?' असं विचारू नका, उत्तरादाखल टोपणं आणि की-चेन येतील. 'गेल्या वर्षात कुठल्या पार्टची मागणी तीन महिन्यांहून जास्त अडकली?' आणि 'कुठल्या पार्टसाठी दुसरी गाडी उघडावी लागली?' हे दोन प्रश्न विचारा. एका गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावणं जिथे सारखं घडतं, तिथे प्रिंटिंगला खरी जागा आहे.

कागद आधी, प्रिंटर नंतर

सैन्यातल्या प्रत्येक वस्तूचे अधिकृत नकाशे, साहित्याचे तपशील आणि चाचणीचे निकष कुणाच्या तरी ताब्यात असतात. भारतीय व्यवस्थेत त्याला एएचएसपी म्हणतात, म्हणजे सीलबंद तपशील सांभाळणारा अधिकारी. पार्टमध्ये बदल करायचा, अगदी साहित्यही बदलायचं, तर संमती तिथून घ्यावी लागते. विमानाचा पार्ट असेल तर सेमिलॅक या लष्करी विमानांना उड्डाणयोग्यतेची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या प्रक्रियेतून जावं लागतं आणि ते काम वेगळंच, लांबलचक आहे. धातूचा नॉब प्लास्टिकचा केला किंवा इंजेक्शन मोल्डिंगचा नॉब प्रिंटिंगने केला, तर उत्पादनाची पद्धत बदलली, म्हणजे पार्ट बदलला. 'दिसायला तसाच आहे' हे उत्तर चालत नाही.

सुरुवातीलाच लॉगमध्ये पार्टसाठी एक पान उघडा. त्यावर पार्टचं नाव, कॅटलॉग क्रमांक, कुठल्या यंत्रावर बसतो, मूळ साहित्य, तुटण्याचं कारण आणि मंजुरी देणारा अधिकारी हे लिहा. नाटो पद्धतीचा स्टॉक क्रमांक असेल तर तो १३ अंकी असतो: पहिले चार अंक पुरवठ्याचा वर्ग, पुढचे दोन देशाचा कोड आणि उरलेले सात त्या वस्तूचे. भारताचा कोड ७२. प्रिंट केलेल्या नॉबला मूळ पार्टचा क्रमांक जसाच्या तसा देऊ नका. मागे एक ठरलेला प्रत्यय लावा, नाहीतर भांडारात मूळ नॉब आणि प्रिंटचा नॉब एकाच खोक्यात पडतील आणि सहा महिन्यांनी कुठला मोडला हे कुणालाच सांगता येणार नाही.

'तुटण्याचं कारण' या रकान्यावर थोडं थांबा. मूळ नॉब उन्हाने ठिसूळ होऊन तडकला, की शाफ्टवर घसरून आतून गोल झाला, की कुणी पकडीने दाबून फोडला? पहिल्यात साहित्य बदलावं लागेल, दुसऱ्यात भोकाची रचना. तिसऱ्यात नॉबचा दोष नाही, आतला स्विचच जड झाला आहे आणि नवा नॉबही लवकरच फुटेल. दहापैकी तीन-चार पार्टांचं काम इथेच, प्रिंटर न लावता, निकालात निघतं.

मापं

तुटलेल्या नॉबची मापं घेऊन तोच परत काढणं ही सर्वांत नेहमीची चूक. झिजलेला पार्ट मोजला की झीजही नव्या पार्टमध्ये उतरते. माप घ्या ते शाफ्टचं, म्हणजे ज्यावर नॉब बसतो त्याचं. निदान तीन वेगवेगळ्या जनरेटरचे शाफ्ट मोजा. ६ मिमीचा डी-शाफ्ट साधारण ५.९५ ते ६.०० मिमी भरतो आणि सपाट बाजूपासून समोरच्या कडेपर्यंत ४.५ मिमी. डिजिटल व्हर्निअर ०.०१ मिमी दाखवतो म्हणून तो तेवढा अचूक आहे असं समजू नका. त्याची खरी भिस्त ०.०२ ते ०.०३ मिमीपर्यंतच. भोकासाठी व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांपेक्षा पिन गेज (ठरलेल्या व्यासाच्या पोलादी पिना) कधीही चांगले.

थ्रीडी स्कॅनर हाताशी असला तर इथे वापरू नका. नॉबची सगळी मापं व्हर्निअर, पिन गेज आणि त्रिज्या मोजायच्या पट्ट्या यांनी वीस मिनिटांत होतात. स्कॅन केलं तर चकचकीत काळ्या प्लास्टिकवर पावडरचा स्प्रे मारा, स्कॅनमधून आलेली त्रिकोणांची जाळी साफ करा आणि शेवटी कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशात, पुन्हा काढाच. स्कॅनरची गरज लागते ती वाकड्या पृष्ठभागांना: डक्ट, हँडल, हेडलाइटच्या मागचं कव्हर.

साहित्य ठरवणं

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो आणि जनरेटरचं पॅनल इंजिनाच्या शेजारी असतं. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून ते फक्त मापं तपासण्यासाठी. पीईटीजी ८० अंशांजवळ नरम होतं. सावलीतल्या पार्टांना ठीक, इथे काठावर. एबीएस आणि एएसए सुमारे १०० अंशांपर्यंत आकार धरतात. दोघांत फरक उन्हाचा: एबीएस अतिनील किरणांनी पिवळं आणि ठिसूळ होतं, एएसए टिकतं. म्हणून नॉबसाठी एएसए. पॅनलवर रोज डिझेल सांडत असेल तर नायलॉन १२ जास्त भरवशाचं, पण ते प्रिंट करायला हट्टी आणि महाग. पॉलिकार्बोनेट उष्णतेला उत्तम, पण त्यासाठी बंदिस्त आणि तापवलेला कक्ष लागतो, आणि डिझेल-ऑइलच्या संपर्कात ताणाखालच्या जागी त्याला तडे जाऊ शकतात. अल्टेमसारखी जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं याहून पुढची. त्यांना लागणारं यंत्र बहुतेक कॉलेजांच्या आवाक्याबाहेर असतं आणि नॉबला त्यांची गरजही नाही.

एएसए विकत घेताना एकाच उत्पादकाचं, एकाच बॅचचं घ्या आणि बॅच क्रमांक लॉगमध्ये उतरवा. रंग बदलला तरी आकसणं आणि थरांची पकड बदलू शकते. काळ्या एएसएवर केलेली चाचणी हिरव्या एएसएला लागू होत नाही.

रचना

भोकाचं माप कॅडमध्ये ६.०० धरलं तर प्रिंटमध्ये ते ५.८ च्या आसपास येईल. फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारा प्लास्टिकचा धागा, वळणावर आत ओढलं जातं आणि प्लास्टिक आकसतं. म्हणून आधी मापाची पट्टी प्रिंट करा: ४० × १२ × ६ मिमीचा ठोकळा, त्यात ६.१०, ६.१५, ६.२०, ६.२५, ६.३० अशी पाच डी-भोकं, प्रत्येकाशेजारी आकडा कोरलेला. सपाट बाजूचं माप ४.५५ पासून ४.७५ पर्यंत त्याच प्रमाणात वाढवा. पट्टी त्याच साहित्यात, त्याच यंत्रावर, नॉब ज्या दिशेने उभा राहणार त्याच दिशेने काढा. खऱ्या शाफ्टवर अंगठ्याच्या दाबाने बसेल आणि हलणार नाही ते भोक घ्या. बहुतेकदा ते ६.२० किंवा ६.२५ निघतं, पण दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा उसना घेऊ नका.

भोकाच्या खालच्या तोंडाला ०.५ मिमीचा चॅम्फर (तिरका काप) द्या. पहिला थर बेडवर (प्रिंटरच्या तापलेल्या पाटीवर) दाबला जाऊन बाहेर पसरतो. चॅम्फर नसेल तर नॉब शाफ्टवर शिरतच नाही आणि मग कुणीतरी हातोडी मारतो. आतल्या डीच्या दोन्ही कोपऱ्यांना ०.३ मिमीची गोलाई द्या. तडा तिथूनच सुरू होतो.

घट्ट धरायला बाजूने एम३ ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू). प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडू नका, दोनदा काढ-घाल केली की संपले. पितळी हीट-सेट इन्सर्ट (तापवून बसवायची, आतून आटे असलेली नळी) घाला: एम३ साठी साधारण ४.० मिमीचं भोक, भोवती किमान २ मिमी भिंत, आणि २५० अंशांच्या आसपासच्या सोल्डरिंग आयर्नने सावकाश दाबा. आयर्नवर जोर दिला की इन्सर्ट तिरका जातो. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे.

दर्शक रेषा ०.६ मिमी खोल कोरा आणि पांढऱ्या इनॅमलने भरा. नॉबच्या खालच्या बाजूला ३.५ मिमी उंचीच्या अक्षरांत पार्ट क्रमांक, आवृत्ती आणि बॅच कोरा. स्टिकर लावू नका, डिझेलने तो महिनाभरही टिकत नाही.

फाइल

कॅडमधून प्रिंटरकडे आकार नेणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं. इंचांत काढलेली फाइल मिलिमीटर समजून उघडली की पार्ट २५.४ पट लहान होतो, उलट केलं तर तेवढाच मोठा. एवढा फरक लगेच दिसतो. फसवतं ते कुणी स्लायसरमध्ये (आकाराचे थर पाडून यंत्राला सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'जरा घट्ट होतंय' म्हणून केलेलं १०१ टक्के स्केलिंग. शक्य तिथे ३एमएफ प्रकारची फाइल वापरा, त्यात एकक राहतं आणि सेटिंगही ठेवता येतात. स्लायसरमधलं स्केलिंग वर्गात बंदच करून टाका. माप बदलायचं तर कॅडमध्ये, नव्या आवृत्ती क्रमांकाने.

मंजूर फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून लॉगमध्ये लिहा आणि प्रत्येक प्रिंटच्या आधी पडताळा. हा अतिरेक नाही. २०१६ मध्ये इस्राएल, अमेरिका आणि सिंगापूरच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ड्रोनच्या पंख्याच्या डिझाइन फाइलमध्ये चोरून शिरून आत बारीक पोकळ्या ठेवल्या. प्रिंट झालेला पंखा बाहेरून धड दिसत होता आणि उडताना दोन मिनिटांच्या आत मोडला. सैन्यासाठीच्या कामात प्रिंटरचं वायफाय बंद ठेवा, क्लाउडवरचा स्लायसर वापरू नका आणि फाइल यंत्रापर्यंत एकाच ठरलेल्या कार्डाने न्या. कॉलेजमध्ये खऱ्या लष्करी पार्टचे नकाशे ठेवूच नका. नॉबसारखा साधा, गुप्त नसलेला पार्ट घेऊन हीच सगळी शिस्त शिकवता येते.

प्रिंट

एएसएची रीळ ८० अंशांवर ४ ते ६ तास सुकवा. मग या सेटिंगने सुरुवात करा: ०.४ मिमी नोझल, ०.२ मिमी थर, नोझल २५०, बेड १००, कक्ष ५० ते ६० अंश, पंखा शून्य ते १५ टक्के, ५ भिंती, वर-खाली ६ थर, ४० टक्के जायरॉइड (लाटांसारख्या जाळीचं) भरण. ताकद वाढवायची झाली तर आधी भिंती वाढवा. शंभर टक्के भरण दिलं की छोट्या पार्टमध्ये साहित्य मावत नाही, बाहेरची मापं फुगतात आणि फायदा मात्र थोडा.

नॉब भोकाचा अक्ष उभा ठेवून प्रिंट करा. शाफ्ट आतून भोक पसरवायला बघतो. या दिशेत प्रत्येक थर भोकाभोवती सलग कड्यासारखा असतो आणि तो ताण फिलामेंटच्या लांबीवर येतो. नॉब आडवा प्रिंट केला तर तोच ताण थरांमधल्या जोडावर येतो. एफडीएम, म्हणजे धागा वितळवून थर रचायच्या या पद्धतीच्या पार्टमध्ये हा जोड सर्वांत कमजोर, अनेकदा सपाट दिशेच्या निम्म्याच ताकदीचा. थर सुरू होतो तिथली शिवण भोकाच्या आत येऊ देऊ नका, बाहेरच्या एका खाचेत लपवा.

एका नॉबला साधारण ६ ते ७ ग्रॅम साहित्य आणि तासाभराचा वेळ लागतो. संपल्यावर दार लगेच उघडू नका. कक्ष ५० अंशांच्या खाली येऊ द्या, नाहीतर तळाचे कोपरे उचलतात आणि कधी थरांत केसासारखा तडा राहतो जो आठवड्याने दिसतो. एएसएला स्टायरीनचा वास येतो. धूर खोलीबाहेर नेणारा पंखा हवाच, उघड्या खिडकीवर भागवू नका.

मोडून बघणं

दहा नगांची बॅच धरा: तीन मोडायला, एक नमुना म्हणून सीलबंद, सहा वापराला. मोडायचे कुठले हे आधी ठरवू नका. प्रिंट झाल्यावर कुठलेही तीन उचला.

आधी खऱ्या स्विचला फिरवायला किती टॉर्क लागतो ते मोजा. समजा १ न्यूटन-मीटर आला. मग नॉब निदान ३ न्यूटन-मीटरपर्यंत टिकला पाहिजे, कारण हातमोजे घातलेला माणूस घाईत दुप्पट जोर सहज लावतो. लोखंडी सळईचा डी-शाफ्ट घासून व्हाइसमध्ये धरा. माथ्यावर १३ मिमीचा षटकोन असलेलं टोपण वेगळं प्रिंट करून चाचणीच्या नगावर घट्ट बसवा, म्हणजे त्यावर छोटा टॉर्क रेंच बसतो. सावकाश वाढवत न्या आणि मोडल्याचा आकडा लिहा. आकड्याइतकीच महत्त्वाची आहे मोडण्याची जागा. डीच्या कोपऱ्यातून बाहेरपर्यंत तडा गेला तर भिंत किंवा गोलाई कमी. डी आतून गोल झाला तर भोक सैल होतं. आडवा, थरावरून सुटला तर साहित्य ओलं होतं किंवा नोझल थंड. तिन्ही नगांचे आकडे एकमेकांपासून पाचव्या हिश्शाहून जास्त लांब असतील तर सरासरी काढू नका. यंत्र बिघडलेलं आहे, बॅच बाद.

त्यानंतर उष्णता: ८० अंशांच्या भट्टीत चार तास, शाफ्टवर बसवलेल्या स्थितीत, बाहेर काढून थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क. मग डिझेलमध्ये २४ तास बुडवून वजन आणि भोकाचं माप. वजन १ टक्क्याहून वाढलं तर नायलॉन १२ कडे वळा. धूळ, दमट उष्णता आणि कंपन यांच्या औपचारिक चाचण्यांसाठी भारतात लष्करी इलेक्ट्रॉनिक आणि विद्युत उपकरणांना जेएसएस ५५५५५ हे मानक लागू होतं. त्या कॉलेजच्या टेबलावर होत नाहीत, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच कराव्या लागतात. पण आपल्या टेबलावर आधीच मोडणारा नॉब तिथे पाठवून पैसे घालवू नका.

साहित्याची ताकद स्वतंत्रपणे तपासायची असेल तर एएसटीएम डी६३८ या प्लास्टिक ओढून तोडायच्या चाचणीच्या मानकातले प्रकार १ चे नमुने काढा: लांबी १६५ मिमी, मधली रुंदी १३, जाडी ३.२. प्रिंटच्या प्रत्येक दिशेला पाच. उभे नमुने डुलतात, त्यांना रुंद ब्रिम (तळाभोवतीची पातळ झालर) द्या आणि वेग अर्धा करा.

ठिकाण बदललं की काय बदलतं

मुंबई, कारवार किंवा गोव्याच्या नौदल तळांवर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. उघडी ठेवलेली नायलॉनची रीळ एका रात्रीत प्रिंट करण्यालायक राहत नाही: नोझलमधून चटचट आवाज येतो, पृष्ठभाग खरबरीत होतो, थर सुटतात. रीळ सुकवणाऱ्या डब्यातूनच थेट यंत्राला द्या, आत आर्द्रतामापक ठेवा आणि काटा २० टक्क्यांच्या वर गेला की सिलिका जेल बदला. सुकवलेल्या रिळीचं वजन लिहून ठेवलं की पुढच्या वेळी ओलावा किती आला ते वजनकाट्यावरच कळतं.

लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर अडचण उलटी. तिथे हवा कोरडी, रीळ खूश. पण हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असते. पंखा त्याच वेगाने फिरला तरी उष्णता कमी वाहून नेतो. पीएलए आणि पीईटीजीचे लटकते भाग ओघळतात. त्याहून वाईट म्हणजे नोझलच्या वरचा थंड राहायचा भाग तापतो, फिलामेंट तिथेच मऊ होतं आणि यंत्र जाम होतं. लोक नोझल बदलत बसतात. खरं तर त्या भागाला, हीटसिंकला, थंड करणारा पंखा मोठा बसवायला हवा आणि प्रिंटचा वेग पाव हिश्शाने कमी करायला हवा. यंत्र ज्या कंटेनरमध्ये ठेवलं आहे तो गरम ठेवणं हा वेगळा विषय. आतलं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं तर एएसए बंदिस्त यंत्रातही उचलू शकतं.

वीज जनरेटरची असेल तर ऑनलाइन यूपीएस लावा. तापणारा बेड आणि कक्ष मिळून यंत्र सुरुवातीला १ किलोवॉटपर्यंत ओढू शकतं, त्या हिशेबाने घ्या. वीज गेल्यावर प्रिंट पुढे चालू ठेवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. वर्गात वापरा, वर्कशॉपच्या पार्टसाठी कधीच नाही. थांबलेल्या थराशी कमजोर जोड राहतो आणि बाहेरून तो दिसेलच असं नाही.

वर्गात

आयटीआयमध्ये ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन हा स्वतंत्र ट्रेड आता आहे, आणि पॉलिटेक्निकच्या मेकॅनिकल शाखेतही हा विषय पोचला आहे. पुण्याच्या आसपास तर लष्करी तंत्रशिक्षणाची दाटी आहे: दापोडीचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, गिरीनगरची डीआयएटी ही संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था, लोणावळ्याची आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था, आणि दुरुस्तीच्या बाजूला खडकीचा ५१२ आर्मी बेस वर्कशॉप. त्यांच्याशी काम करायचं तर ते संस्थेमार्फत, लेखी कराराने. एखाद्या ओळखीच्या सुभेदारसाहेबांनी दिलेला पार्ट प्रिंट करून परत देणं हे कितीही आपुलकीचं असलं तरी करू नका.

वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला चार बंदिस्त प्रिंटर, एक सुकवण्याचा कपाट-ओव्हन, दोन पिन गेज संच आणि एक छोटा टॉर्क रेंच पुरतो. तीन-तीन तासांची बारा सत्रं धरा. पहिली दोन सत्रं प्रिंटर बंद ठेवून पार्ट निवड आणि तुटण्याचं कारण. तिसरं मोजमाप. चौथं-पाचवं कॅड आणि मापाची पट्टी. सहावं-सातवं मुद्दाम ओल्या रिळीने आणि मुद्दाम आडव्या दिशेने प्रिंट करून ते नॉब मोडणं. हे सत्र मुलं विसरत नाहीत. आठ ते दहा नीट बॅच, चाचणी, लॉग. शेवटची दोन परीक्षेची.

परीक्षेत प्रत्येक गटाला पाच तुटके पार्ट द्या. त्यांतल्या तीनचं बरोबर उत्तर 'प्रिंट करू नका' हे असावं: एक ऑइल सील, एक एम८ बोल्ट, एक ब्रेकचा लिव्हर. शंभरपैकी चाळीस गुण या निर्णयाला आणि त्याच्या लेखी कारणाला, तीस लॉगला, वीस मोडण्याच्या चाचणीच्या निदानाला. प्रिंटच्या देखणेपणाला दहा पुष्कळ झाले.

धातूचं काय

विद्यार्थी हे विचारणारच. २०१६ च्या जुलैमध्ये अमेरिकी नौदलाने ऑस्प्रे विमान पॅटक्सेंट रिव्हर या नौदल तळावर उडवलं, तेव्हा इंजिनाचं आवरण पंखाला जोडणारा टायटॅनियमचा प्रिंट केलेला दुवा त्यात होता. म्हणजे होतं. पण धातूची पावडर वितळवून प्रिंट करणाऱ्या यंत्रामागे आर्गॉनचे सिलिंडर, स्फोटक ठरू शकणारी बारीक पावडर, ताण काढणारी भट्टी, प्लेटवरून पार्ट कापायला वायर ईडीएम (तारेतून ठिणग्या पाडून धातू कापणारं यंत्र) आणि आतल्या पोकळ्या बघायला सीटी स्कॅन असं सगळं बिऱ्हाड येतं. पुढच्या ठाण्यावर एक पार्ट पाठवायचा वाचावा म्हणून तिथे सिलिंडर पाठवत राहिलात तर रसदीचा भार हलका झालेला नाही. धातूचं काम बेस वर्कशॉप किंवा कारखान्यात ठेवा. फील्डमध्ये प्लास्टिक, आणि झिजलेल्या शाफ्टवर धातू चढवायला वेल्डिंग आणि लेथ.

नॉब जनरेटरवर बसल्यावर

भांडारात प्रिंटचे नॉब भरून ठेवू नका. दोन तयार नग, सुकवलेली रीळ आणि मंजूर फाइल एवढा साठा पुरे. प्रत्येक वापरलेल्या नगाच्या नोंदीत जनरेटरचा क्रमांक, बसवल्याची तारीख आणि तपासायची तारीख असू द्या: पहिल्या महिन्यानंतर, मग दर सहा महिन्यांनी. तपासणीत ग्रब स्क्रू ढिला झाला का, दर्शक रेषेचा रंग राहिला का आणि नखाने ओरखडल्यावर पृष्ठभाग भुकटी सोडतो का एवढंच बघायचं. तुटलेला नॉब कचऱ्यात टाकू न देता त्याच बॅचच्या पिशवीत परत मागवा. लॉगमधला 'तुटण्याचं कारण' हा रकाना त्याच्यासाठीही भरायचा आहे.